एका गुणाचे अजिंक्यपद

नवख्या माणसाची भेट होताच गाव कोणते, आडनाव कोणते, आणि सोयरीक जुळण्याजोगी दिसल्यास गोत्र कोणते, असे विचारण्याची आपली जुनी रीत वाचकांस ठाऊकच आहे. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरी कन्येकडे तीन महिने राहण्याचा योग आला, तेव्हा तेथेही अशीच एक पृच्छा मजला ठायी ठायी झाली. औषधाच्या दुकानातील मुलीने केली, ट्रॅमगाडीत शेजारी बसलेल्या वृद्ध बाईने केली. दाढ दाखवावयास गेलो तर दंतवैद्याने माझे तोंड उघडे असतानाच केली. "आपण कोणाचे?" असा तो प्रश्न; म्हणजे फुटबॉलच्या कोणत्या क्लबाचे. "कोणाचाही नव्हे" असे मी म्हणे, तेव्हा समोरच्याच्या मुद्रेवर जो भाव उमटे, तो आपल्याकडे गोत्र न सांगता येणाऱ्या यजमानाकडे भटजी ज्या दृष्टीने पाहतात त्याच जातीचा असे.

क्लब हा तेथे बहुधा वडिलांकडून मुलाकडे येतो. आईचा क्लब एक व बापाचा दुसरा असल्यास मूल कोणाच्या वळणावर जाणार यावरून घरात गोड तंटे होतात. बाहेरून जाऊन राहिलेल्या कुटुंबांस मात्र असा वारसा नसतो. त्यांनी क्लब निवडावयाचा असतो. माझ्या दहा वर्षांच्या नातवाने तो निवडला होता. मी पोहोचून आठवडा झाला नसेल, तोच एका सोमवारी तो शाळेतून रडत घरी आला. गळ्यात तांबड्या, पांढऱ्या व काळ्या पट्ट्यांचा मफलर होता. "आजोबा, ते पुन्हा हरले, आणि सगळी मुले मला हसतात." जावईबापू अभियंते आहेत, ते शांतपणे म्हणाले, "या एका शहरात नऊ क्लब आहेत. नेमका हाच कशाला? बदलून टाक." मुलाने माझ्याकडे पाहिले. मी मास्तर, तेव्हा उत्तर मजजवळ असलेच पाहिजे, अशी त्याची समजूत. मजजवळ ते नव्हते.

क्लबाचे नाव सेंट किल्डा. हे मेलबर्नचे समुद्रकाठचे एक उपनगर होय. मौज अशी की, किल्डा नावाचा संत कधी झालाच नाही. स्कॉटलंडजवळच्या एका बेटाचे ते नाव. त्यावरून एका गलबताचे नाव पडले, आणि ते गलबत तेथील किनाऱ्यास लागले म्हणून उपनगराचे. तरीही क्लबाच्या खेळाडूंस सर्वजण "संत" असेच म्हणतात. न जन्मलेल्या संताची ही भक्ती १८७३ पासून अखंड चालू आहे.

खेळाविषयी चार शब्द सांगणे प्राप्त आहे. कारण आपल्या फुटबॉलशी त्याचे साम्य थोडेच. हिवाळ्यात क्रिकेटपटूंचे अंग आखडू नये म्हणून मेलबर्नमध्ये हा खेळ निघाला व त्याचे पहिले नियम १८५९ साली लिहिले गेले. मैदान क्रिकेटचेच, लंबवर्तुळाकार; चेंडूही लांबोळा. एकेका बाजूस अठरा खेळाडू. दोन्ही टोकांस चार चार खांब रोवलेले असतात. मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू लाथेने पार केला की सहा गुण. तो नेम चुकून बाजूच्या ठेंगण्या खांबाच्या आत गेला, तर एक गुण. त्यास "बिहाइंड" म्हणतात. नेम चुकला तरी अगदीच हात हलवीत परत पाठवावयाचे नाही, ही या खेळाची रीत मास्तर या नात्याने मला फार आवडली. गणितात रीत बरोबर व उत्तर चूक आले तर आम्हीही एखादा गुण देत असू. या एका गुणाकडे वाचकांनी लक्ष ठेवावे.

नातवास मफलर देणारे शेजारचे गृहस्थ मजहून पाच-सहा वर्षांनी वडील. कुंपणापलीकडून आमचे बोलणे सुरू झाले. माझे इंग्रजी जुन्या पुस्तकांतले, त्यांचे नाकातले, तरी निभावले. त्यांच्या बोलण्यात एक व्याकरणाची गोष्ट मला प्रथमच खटकली. ते क्लबाविषयी सदैव प्रथम पुरुषी अनेकवचनात बोलत. "अठराशे नव्याण्णवात आम्ही एकच गुण केला," असे ते म्हणाले, तेव्हा त्यांचे आजोबाही फुटबॉल खेळण्याच्या वयाचे नसतील! गोष्ट मात्र खरी आहे. १८९७ साली आठ क्लबांची व्हिक्टोरियन फुटबॉल लीग स्थापन झाली, त्यांत सेंट किल्डा एक. पहिले तीन हंगाम त्यांनी एकही सामना जिंकला नाही. ओळीने ४८ पराभव. १८९९ साली जिलाँग क्लबाने १६२ गुण केले, त्यापुढे यांचा एक, तोही बिहाइंड. त्याहून कमी गुणसंख्या त्या लीगमध्ये पुढे कधीच झालेली नाही. १९०० साली पहिला विजय आला तोही वादातून. मेलबर्न क्लबाशी सामना बरोबरीत सुटला होता. परंतु प्रतिपक्षाचा एक गुण घंटा झाल्यानंतरचा आहे अशी तक्रार झाली, ती लीगने मान्य केली, आणि सेंट किल्डा एका गुणाने जिंकले असे ठरले.

त्यापुढचा इतिहास थोडक्यात सांगण्याजोगाच आहे. शेवटच्या क्रमांकास तिकडे "लाकडी चमचा" म्हणतात. असे २७ चमचे या क्लबाच्या फडताळात आहेत, आणि इतके दुसऱ्या कोणाकडे नाहीत. पहिल्या महायुद्धात आणखी एक विघ्न आले. तांबडा, पांढरा, काळा हे रंग जर्मन साम्राज्याच्या निशाणाचे निघाले! तेव्हा पांढऱ्याच्या जागी पिवळा घालून बेल्जमचे रंग धारण केले गेले, व युद्धानंतर पूर्वीचे रंग परत आले.

आता १९६६ चा सप्टेंबर. शेजारी तेव्हा बारा वर्षांचे होते. वडिलांनी त्यांस मेलबर्न क्रिकेट मैदानावर नेले. लाखाहून अधिक माणूस जमले होते. अंतिम सामना कॉलिंगवूडशी. कॉलिंगवूड म्हणजे पिढ्यानपिढ्या अजिंक्यपदे मिळविणारे घराणे. सेंट किल्डाचे कप्तान डॅरेल बाल्डॉक, शिक्षक ॲलन जीन्स. शेवटच्या मिनिटांत दोन्ही बाजूंचे गुण समसमान, ७३. गर्दीतून बॅरी ब्रीन या तरुणाने घाईने चेंडू लाथाडला. तो वेडावाकडा भेलकांडत गेला, मधल्या खांबांतून नव्हे, तर बाजूच्या. नेम चुकला होता. एक गुण मिळाला. ७४ विरुद्ध ७३.

"मला काही दिसलेच नाही," शेजारी म्हणाले. "पुढे मोठी माणसे उभी होती. वडिलांनी मला उचलून खांद्यावर घेतले, तेव्हा सामना संपला होता आणि ते रडत होते. घरी येताना म्हणाले, पुढल्या वर्षीही येऊ."

ते पुढले वर्ष आले नाही. २०२५ च्या अखेरपर्यंत सेंट किल्डाचे अजिंक्यपद हे एवढेच. वडील कधीच वारले.

मधल्या काळात काही घडले नाही असे मात्र नव्हे, आणि हाच या निष्ठेचा खरा जाच आहे. केवळ हरणाऱ्याची आशा लवकर मरते. अधूनमधून उंबरठ्यापर्यंत पोहोचणाऱ्याची मरत नाही. १९७१ साली अंतिम सामना हॉथॉर्नने सात गुणांनी घेतला. मग १९७४ पासून १९९० पर्यंत सतरा हंगाम क्लब बाद फेरीतही गेला नाही. याच काळात ट्रेव्हर बार्कर नावाचा देखणा, उंच उडी घेऊन चेंडू झेलणारा खेळाडू १९७५ ते १९८९ पर्यंत याच क्लबातून २३० सामने खेळला. बाद फेरीचा एकही सामना त्याच्या वाट्यास आला नाही. १९९६ साली अकाली वारला. क्लबाच्या सर्वोत्तम खेळाडूस दरवर्षी जे पदक मिळते, त्यास आज त्याचे नाव आहे. उलट टोनी लॉकेट हा त्या खेळातील सर्वाधिक गोल करणारा पुरुष १९९४ च्या हंगामानंतर सिडनीस निघून गेला. तेथे १९९६ च्या अंतिम सामन्यात तो खेळला, आणि हरला. राहिलेल्यासही नाही, गेलेल्यासही नाही! शेजाऱ्यांस याचा आनंद होतो की दुःख, हे मला नीटसे कळले नाही.

लीगचा एक नियम असा की, शेवटी राहणाऱ्या क्लबास पुढल्या वर्षीचा नवा खेळाडू सर्वांआधी निवडता येतो. २००० साली तळाशी राहिल्यामुळेच सेंट किल्डास निक रीव्होल्ट मिळाला, आणि पुढे कप्तान झाला. २००९ साली त्याच्या हाताखाली क्लबाने हंगामाचे पहिले एकोणीस सामने ओळीने जिंकले. अंतिम सामना जिलाँगने बारा गुणांनी नेला. पुढल्याच वर्षी पुन्हा अंतिम सामना, पुन्हा कॉलिंगवूड. सामना संपत आला असता लेनी हेजने दुरून चेंडू मारला. तो गोलासमोर टप्पा घेऊन सरळ येता, तर स्टीव्हन मिल्न तेथे धावतच होता; परंतु लांबोळ्या चेंडूचा टप्पा तो, ऐन वेळी काटकोनात वळला व बाजूच्या खांबांतून गेला. एक गुण. ६८ विरुद्ध ६८. त्या वेळच्या नियमाप्रमाणे आठवड्याने सामना पुन्हा खेळविला गेला, आणि सेंट किल्डा ५६ गुणांनी हरले. म्हणजे ज्या चुकलेल्या नेमाने १९६६ साली पद दिले, त्याच जातीच्या चुकलेल्या नेमाने ४४ वर्षांनी ते हातचे घालविले. शेजारी त्या दिवशी मैदानावर होते. आपल्या लहान मुलीस त्यांनी बरोबर नेले होते व खांद्यावर घेतले होते, इतकेच त्यांनी सांगितले.

हे सर्व मी घरी येऊन जेवताना सांगे. जावयांशी माझा वाद झाला तो असा. मी म्हणालो, विभीषणाने पक्ष सोडला खरा; परंतु सोडला तेव्हा रावण हरत नव्हता, त्रैलोक्यास भारी होता. त्याने अधर्मासाठी सोडला, पराभवासाठी नव्हे. जावई म्हणाले, "ते धर्मयुद्ध होते. हा तिकिटे विकणारा धंदा आहे. माल वाईट निघाला तर आपण दुकान बदलतो." या म्हणण्यात वजन आहे, हे मी नाकारीत नाही. मुलास हरण्याची सवय लागू नये, ही बापाची काळजीही खोटी नव्हे.

परंतु दुकान बदलल्याने काय होते, तेही त्याच शहरात पाहावयास मिळते. साऊथ मेलबर्न हा क्लब कर्जापायी १९८२ साली सिडनीस गेला. आठ वेळा अजिंक्य ठरलेला फिट्झरॉय १९९६ साली मिटला. त्याचे जे उरले ते दूरच्या ब्रिस्बेनच्या क्लबात मिसळले. फूट्सक्रे या कामकऱ्यांच्या उपनगरातील क्लबही १९८९ साली असाच फिट्झरॉयमध्ये मिसळून टाकण्याचे ठरले होते. तेव्हा लोक कोर्टात गेले, रस्तोरस्ती डबे फिरवून काही आठवड्यांत पैसा उभा केला व क्लब वाचविला. त्याच क्लबाने पुढे २०१६ साली, ६२ वर्षांनी, अजिंक्यपद मिळविले. मेलबर्न क्लबास ते ५७ वर्षांनी, २०२१ साली मिळाले. दैव असे की, त्या वर्षी साथीमुळे अंतिम सामना पर्थ येथे झाला आणि आयुष्यभर थांबलेली माणसे मेलबर्नमध्ये घरांत कोंडलेली होती. त्या दोघांची पाळी झाली. आता सेंट किल्डाइतका जुना उपवास एकदा पद चाखलेल्या दुसऱ्या कोणत्याही क्लबाचा नाही.

येथे माझी स्वतःचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी चौतीस वर्षे एकाच शाळेत संस्कृत शिकविले. गावात नव्या इंग्रजी शाळा निघाल्या, आमचे पट उतरत गेले. दोघे-तिघे सहकारी नव्या शाळांत गेले, मलाही बोलावणे होते. मी राहिलो. शेवटच्या वर्षी माझ्या वर्गात अकरा मुले होती. लोक यास निष्ठा म्हणतात व निरोपसमारंभात तसे बोललेही. परंतु शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर होती व नवी जागा धरण्याचा मला कंटाळा होता, हेही तितकेच खरे. निष्ठा किती आणि आळस किती, याचा हिशेब मी कधी केला नाही. त्या कुंपणापाशी उभा असताना तो करावासा वाटला. मी शेजाऱ्यांस सरळच विचारले की, आपण क्लब बदलण्याचा विचार कधी केला काय? ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बदलून मी शनिवारी करू काय? दुसऱ्या कोणाच्या विजयाला टाळ्या वाजवू?"

माझ्या परतण्यापूर्वी एका शनिवारी त्यांनी आम्हां दोघांस डॉकलँड्सच्या मैदानावर नेले. छत मिटणारे मैदान. मूराबिनच्या जुन्या चिखलाची मजा येथे नाही, असे ते वाटभर कुरकुरत होते. मी कानटोपी, दोन स्वेटर व उपरणे अशा थाटात बसलो. सामन्याविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. प्रतिपक्ष तरुण व चपळ होता. आमचे संत पहिल्या पाव भागातच मागे पडले. तिसऱ्या भागात मात्र त्यांनी ओळीने चार गोल केले, आणि पाहता पाहता माझ्या पुढचे, मागचे, शेजारचे सर्व लोक उभे राहिले. नातवास काही दिसेना. मी त्यास उचलू पाहिले. माझ्या कमरेने ते मानले नाही. शेजाऱ्यांनी न बोलता त्यास बाकावर उभे केले व त्याच्या पाठीस हात लावून धरला. थोड्या वेळाने प्रतिपक्षाने पुन्हा जोर केला आणि लोक एकेक करून खाली बसले.

घरी पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. जावईबापू दारातच उभे होते. "काय, काय झाले?" त्यांनी विचारले.

नातवाने मफलर काढून खुंटीला अडकविला, बूट सोडावयास तो खाली बसला, आणि म्हणाला, "बाबा, तिसऱ्या भागात आपण जवळजवळ गाठलेच होते. आपण एकोणीसच गुणांनी हरलो."