नकाराचा ‘न’

संस्कृतात ‘न’, फारसीत ‘न’, रशियनमध्ये ‘न्ये’, लॅटिनमध्ये ‘ने’. इंडो-युरोपीय कुळातल्या भाषांनी नकार एकाच पूर्वजाकडून घेतला. ग्रीक मात्र वाकड्यात शिरली: तिथे ‘ने’ म्हणजे चक्क ‘हो’!

एवढासा शब्द बोलताना झिजतो, ऐकू येईनासा होतो. मग त्याला जोड शोधावी लागते. जुन्या फ्रेंचमध्ये ‘चालत नाही’ला जोर यावा म्हणून ‘पा’, म्हणजे पाऊल, जोडत: एक पाऊलही चालत नाही. पुढे हे पाऊल कुठल्याही क्रियापदामागे येऊ लागले. आज बोलण्यात मूळचा ‘न’ सर्रास गळतो आणि नकाराचा सगळा भार बिचाऱ्या पावलावर! डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी 1917 साली हे चक्र मांडले.

मराठीची तऱ्हा वेगळी. आपला ‘न’ क्रियापदातच मुरला: नाही, नव्हता, नसेल, नये. म्हणून तो चालवावाही लागतो. मी जात नाही, तू जात नाहीस, ते जात नाहीत. ‘जात’ जागचे हलत नाही, बदलतो तो नकार. फिनिशमध्येही असेच, ‘एन’, ‘एत’, ‘एइ’, आणि ती तर आपल्या भाषाकुळातलीही नाही.

‘नको’ हिंदीत नाही. तिथे ‘नहीं चाहिए’ म्हणावे लागते. हैदराबादेकडच्या दखनीने मात्र तो मराठीकडून उचलला आणि ठसक्यात ‘नक्को’ केला.