घाम, हाक आणि वेदना: धानोऱ्याच्या उन्हाळ्यातील चुकीच्या खुणा

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात उन्हाळा हा घरात बसून काढण्याचा ऋतू नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचणे, मे महिन्यात तेंदूपाने तोडणे, लग्नसराईत मुरूमगावच्या वाटेने छत्तीसगडच्या हद्दीपलीकडील सोयऱ्यांकडे जाणे आणि शाळा बंद असल्याने मुलांनी कठाणी नदीचे डोह गाठणे, हे सारे याच काळात घडते व त्यात बहुधा सगळे कुटुंब घराबाहेर असते. या दिवसांतील धोके लोकांना ठाऊक नसतात असे मुळीच नाही. त्या धोक्याची जी खूण मनात धरलेली असते ती मात्र पुष्कळदा चुकीची असते आणि तिची वाट पाहण्यात उपचाराची वेळ निघून जाते.

उष्माघात, म्हणजे शरीराचे आतील तापमान 40 अंश सेल्सिअसच्या वर जाऊन मेंदूचे काम बिघडणे, हा घाम थांबून कातडी कोरडी पडल्याशिवाय होत नाही, अशी समजूत सर्वत्र आढळते. घरात उकाड्यात पडून राहिलेल्या वृद्धांच्या बाबतीत ती बरीचशी खरी असली, तरी भर उन्हात पानांचे ओझे वाहणाऱ्या तरुणाला घामाने निथळत असतानाही उष्माघात होऊ शकतो. म्हणून घामाकडे न पाहता वागण्याकडे पाहावे लागते: असंबद्ध बोलणे, तोल जाणे, अकारण चिडणे, झटके येणे किंवा शुद्ध हरपणे यांपैकी काहीही दिसले की तो उष्माघातच मानावा.

त्यानंतरची चूक अधिक घातक आहे. तापलेल्या अंगावर थंड पाणी ओतल्यास माणूस दगावतो या भीतीने रुग्णाला केवळ सावलीत निजवून ठेवले जाते. वस्तुतः शरीर लवकरात लवकर थंड करणे हाच उष्माघाताचा मुख्य उपचार असून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका येईपर्यंत कपडे सैल करून अंगभर पाणी ओतत राहणे व वारा घालणे हे कोणत्याही गोळीपेक्षा मोलाचे ठरते. तापाची म्हणून दिली जाणारी पॅरासिटामॉल येथे निरुपयोगी आहे, कारण साध्या तापात मेंदूच शरीराचे तापमान वर नेमून देतो आणि हे औषध ती नेमणूक खाली आणते, तर उष्माघातात नेमणूक जागच्या जागी असते, शरीर बाहेरच्या उष्णतेपुढे हतबल झालेले असते. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत उतरते. ऊन लागू नये म्हणून खिशात ठेवलेल्या कांद्याबद्दल एवढेच म्हणता येईल की तो स्वतः निरुपद्रवी आहे, त्याच्या भरवशावर भर दुपारी निघणे तसे नाही.

नवतप्याची, म्हणजे सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरल्यापासूनच्या, साधारण 25 मेपासूनच्या नऊ दिवसांची धास्ती विदर्भात पूर्वापार आहे, पण एप्रिलमधील पहिली मोठी लाट कमी लेखण्याचे कारण नाही, कारण शरीराला उष्णतेची सवय होण्यास एक ते दोन आठवडे लागतात आणि ती झालेली नसतानाच ही लाट येते. थंड गावाहून सुट्टीसाठी आलेल्या नातवंडांना तर मे महिनाही नवाच असतो. हवामान खात्याच्या निकषानुसार सपाट प्रदेशात 45 अंशांना उष्णतेची व 47 अंशांना तीव्र उष्णतेची लाट मानली जाते, मात्र हे आकडे सावलीतल्या तापमापकाचे असतात, उन्हात उभ्या माणसाला लागणारी धग त्यात धरलेली नसते. ओआरएसची (जलसंजीवनीची) पुडी थोड्या पाण्यात घोळून मुलाला पाजण्याची सवयही सोडावी लागेल, कारण एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवावयाची असते, अन्यथा मिठाचे प्रमाण धोकादायक होते. मुलाला आत ठेवून उभ्या मोटारीची काच थोडी खाली ठेवल्यानेही आतील हवा थंड राहत नाही. पहिल्या दहा मिनिटांतच ती सुमारे दहा अंशांनी तापते.

डोहात बुडणारा मनुष्य हाका मारतो, हात हलवतो, हेही खरे नव्हे. तोंड पाण्याच्या पातळीवर खालीवर होत असताना श्वास घेण्यापुरतीच उसंत मिळते, ओरडण्याइतका श्वास उरत नाही, त्यामुळे काठावरून तो खेळतो आहे असेच वाटते. बाहेर काढल्यावर त्याला उलटे टांगून किंवा पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नये; श्वास थांबला असल्यास तोंडाने श्वास देणे व छातीवर दाब देणे हाच तातडीचा उपाय होय.

उकाड्याने अंगणात निजणाऱ्या कुटुंबासाठी मण्यार हा सर्वांत फसवा साप आहे, कारण तो रात्री फिरतो, त्याचे दात बारीक असतात आणि त्याच्या दंशाला बहुधा वेदना नसते, सूजही नसते. डंख दिसत नाही म्हणून साप चावलाच नाही, हे अनुमान येथे जीवघेणे ठरते. पहाटे पोटदुखी, मग पापण्या मिटू लागणे, बोलणे जड होणे आणि शेवटी श्वासाचे स्नायू लुळे पडणे असा हा क्रम असतो. घट्ट आवळपट्टी, चिरा देणे, मंत्र यांत वेळ न घालता चावलेला अवयव न हलवता रुग्णाला ग्रामीण रुग्णालयात नेणे आवश्यक असते, कारण नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांवर एकच संयुक्त प्रतिविष चालते आणि श्वास देणारे यंत्र लागल्यास तेही वेळेत मिळावे लागते. हिवतापासाठी वाटलेली औषधभारित मच्छरदाणी उन्हाळ्यात डास कमी म्हणून पेटीत जाते, पण ती अंथरुणाखाली चहूबाजूंनी नीट खोचली तर मण्यारीलाही आत शिरता येत नाही.