चाप ओढल्यानंतरचे दोन सेकंद

आजचा आपला विषय आहे पिस्तूल नेमबाजी. ‘हे काही आपलं काम नव्हे’ असं म्हणून रेडिओ बंद करू नका हं. शाळा-कॉलेजातली एखादी मुलगी हौसेने रेंजवर जाऊ लागते. महिना-दोन महिने उत्साहात जातात. मग एक दिवस घरी येऊन म्हणते, ‘माझा हातच थरथरतो, मला नाही जमणार.’ घरचेही म्हणतात, ‘सोड मग.’ आजचं बोलणं अशा मुलींसाठी आणि त्यांच्या आयांसाठी आहे. कुणी स्वतः शिकायचं मनात आणलं असेल, तर तिच्यासाठीही.

पहिली गोष्ट म्हणजे हात सगळ्यांचाच थरथरतो. जवळजवळ किलोभर वजनाचं पिस्तूल एकाच हाताने, कशाचाही टेकू न घेता खांद्याच्या उंचीवर धरायचं म्हटल्यावर ऑलिंपिकपटूचा हातही थोडा हलणारच. मग तिचा नेम लागतो कसा?

थोडा हिशेब करू या. एअर पिस्तुलाच्या स्पर्धेत लक्ष्य १० मीटरवर असतं आणि दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम ११.५ मिलिमीटरचं. पिस्तुलावर मागे एक खाच असते आणि पुढे एक छोटी खुंटी. या दोन साईट. खुंटी खाचेच्या बरोबर मध्ये दिसली पाहिजे. सगळा हात एकत्र हलला, पण दोन्ही साईट एका रेषेत राहिल्या, तर हात हलला साधारण तेवढाच छर्रा चुकतो. पण मनगट वाकलं आणि खुंटी खाचेतून एक मिलिमीटर सरकली, तर लक्ष्यावर तीच चूक सुमारे तीस पट होते. म्हणजे ३ सेंटीमीटर. दहाच्या जागी सात! खरी भीती थरथरण्याची नाही, मनगट वाकण्याची आहे.

म्हणून पकड महत्त्वाची. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधलं बेचकं पिस्तुलाच्या मुठीवर जितकं वर बसेल तितकं बसवा. धरायचं काम उरलेल्या तीन बोटांचं आणि तळव्याचं. अंगठा सैल, मनगट ताठ. तर्जनी मात्र मोकळी. तिने मुठीला चिकटायचं नाही, फक्त चाप सरळ मागे ओढायचा. जोर किती द्यावा? लोकलमध्ये आपण दांडा धरतो तेवढा. झटका बसला तरी सुटणार नाही, पण बोटं पांढरी पडणार नाहीत. आणि हा जोर सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढाच राहिला पाहिजे. नवख्या मुली चाप ओढताना सगळी मूठच आवळतात. उजव्या हाताने मारणारीचा छर्रा मग बहुतेक वेळा खाली डावीकडे जातो.

आता दुसरी गोष्ट, ‘फॉलो थ्रू’. चाप सुटला की लगेच हात खाली घ्यायचा नाही, मान वळवून किती गुण मिळाले ते पाहायचं नाही. चाप मागे ओढलेलाच ठेवायचा, नजर पुढच्या खुंटीवर ठेवायची आणि दीड-दोन सेकंद तसंच राहायचं. तुम्ही विचाराल, छर्रा तर गेला, आता थांबून काय उपयोग? एक तर चाप सुटल्यावर छर्रा नळीतून बाहेर पडेपर्यंत थोडा वेळ जातोच. त्याहून मोठं कारण मनाचं आहे. ‘संपलं की बघू’ असं मनात असलं की हात संपायच्या आधीच सैल पडतो. सुईत दोरा ओवताना टोक आत शिरताच हात सोडला तर दोरा निसटतो ना, तसंच.

त्या दोन सेकंदांत आणखी एक काम करायचं. खुंटी शेवटी कुठे दिसली ते आठवून, छर्रा कुठे लागला असेल याचा अंदाज मनाशी सांगायचा. मगच पडद्याकडे पाहायचं.

कोल्हापूरच्या राही सरनोबतचं नाव तुम्ही ऐकलं असेल. २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात ती आणि थायलंडची खेळाडू ३४-३४ अशा बरोबरीत आल्या. निकालासाठी पाच जादा गोळ्या दिल्या, तिथेही बरोबरी. पुन्हा पाच, तेव्हा राही ३-२ अशी जिंकली. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. या प्रकारात हात वर करून गोळी सोडायला फक्त तीन सेकंद मिळतात. त्या घाईत मूठ नव्याने जुळवायला फुरसतच नसते. पकड आधीच अंगवळणी पडलेली असावी लागते.

घरी पिस्तूल नसलं तरी सराव होतो. अर्ध्या लिटरची पातळ प्लास्टिकची बाटली घ्या. मोरीत उभं राहून ती अंगठा आणि तीन बोटांनी धरा आणि दुसऱ्या हाताने काठोकाठ पाणी भरा. आता तर्जनी हवेत, चाप ओढल्यासारखी हळूच मागे घ्या. पाणी सांडलं, तर बाकीची बोटंही आवळली गेली असं समजा. कोपर किंवा खांदा दुखू लागला तर लगेच थांबा. आणि क्लबचं असो वा स्वतःचं, पिस्तूल रिकामं आहे असं वाटलं तरी कुणाकडेही रोखायचं नाही.

अँटॉप हिलहून वरळी काही फार लांब नाही. तिथे महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. रायफलमध्ये नाव कमावलेल्या अंजली भागवत तिथेच शिकल्या. पकड मात्र प्रशिक्षकासमोरच बसवून घ्या. चुकीची सवय मोडायला शिकण्यापेक्षा जास्त दिवस लागतात.

आणि आयांनो, मुलगी रेंजवरून आली की ‘आज किती गुण?’ असं लगेच विचारू नका. ‘आज किती छर्ऱ्यांचा अंदाज बरोबर आला?’ असं विचारा. तो आकडा वाढू लागला, की गुण मागोमाग येतील.