रोलर, हरळी आणि आमदार निधी

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस या संघांच्या मागे अख्ख्या पेठा शाहू स्टेडियमवर लोटतात. वरिष्ठ गटातच 16 संघ. त्यात खालचे गट, शालेय स्पर्धा, रोजचा सराव. हा सगळा भार शहरातल्या मोजक्या मैदानांवर पडतो. मैदानं सुधारा ही मागणी रास्तच आहे. पण सुधारायचं म्हणजे काय, याबद्दलचे गैरसमज फार महागात पडतात.

सगळ्यात घट्ट बसलेला समज रोलरचा: जमीन जितकी दाबाल तितकं मैदान चांगलं. क्रिकेटच्या खेळपट्टीला ते लागू आहे. फुटबॉलचं मैदान हरळीवर चालतं आणि हरळीच्या मुळांना हवा लागते. बुटांच्या खिळ्यांनी माती आधीच दबत असते, त्यावर जड रोलर सतत फिरला की पाणी मुरायचं थांबतं. मग पावसात चिखल होतो, उन्हाळ्यात जमीन दगडासारखी कडक होते आणि गोलसमोरचं गवत आधी मरतं. यावरचा इलाज नेमका उलटा आहे. जमिनीत खोल भोकं पाडायची, त्यात जाडी वाळू भरायची, खड्डे समतल करायचे, हरळी पुन्हा लावायची आणि मैदानाला विश्रांती द्यायची. तालमीत वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. कुस्तीच्या हौद्यातली लाल मातीही खोऱ्यानं उकरून मोकळी करावीच लागते.

'पाणी साचतं ना, मग भराव टाका' हा त्याचाच भाऊ. शहरातल्या गांधी मैदानाच्या जागी पूर्वी वरुणतीर्थ तळं होतं, म्हणजे आजूबाजूचं पाणी तिकडे धावणारच. अशा सखल जागी नुसती माती ओतून भागत नाही. पृष्ठभागाला हलका उतार, खाली खडी आणि सच्छिद्र पाइप, आणि त्या पाइपांपेक्षा खालच्या पातळीवर पाणी सोडायची वाट, हे आधी हवं. वाटच नसेल तर वरचं महागडं गवत पहिल्याच पावसाळ्यात सडेल.

मग कृत्रिम टर्फच टाकावं, त्याला खर्च नाही, असं म्हणतात. पाणी वाचतं हे खरं. 105 बाय 68 मीटरच्या मैदानाला उन्हाळ्यात रोज 5 मिलिमीटर पाणी द्यायचं तर जवळपास 36 हजार लिटर लागतात. सराव जास्त असेल तिथे टर्फ उपयोगी आहेच. पण त्याला नियमित ब्रश करावा लागतो, रबराचे कण पुन्हा भरावे लागतात आणि साधारण 8 ते 10 वर्षांनी ते बदलावंच लागतं. भर उन्हात त्याचा पृष्ठभाग 60 अंशांच्या वर तापू शकतो. शिवाय युरोपीय संघानं 2023 मध्ये सूक्ष्म प्लास्टिकवर निर्बंध आणले. टर्फमध्ये भरायचे रबराचे कण तिथे 2031 नंतर विकता येणार नाहीत. आज टर्फ निवडणाऱ्यानं बदलायचा पैसा आजपासूनच बाजूला ठेवायला हवा.

पैशाचं म्हणाल, तर निधीच नसतो हेही अर्धसत्य आहे. खासदाराला वर्षाला 5 कोटींचा स्थानिक विकास निधी असतो. आमदार निधी, जिल्हा नियोजन समिती, क्रीडा खात्याचं क्रीडांगण विकास अनुदान हेही आहेत. मात्र असा निधी मुख्यतः उभारणीसाठी असतो, त्यामुळे भिंत, गॅलरी, कमान सहज मंजूर होते. माळी, पाणी आणि वाळू यांसाठी दर महिन्याला कोण देणार, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते देखभालीची लेखी तरतूद नसलेल्या आराखड्याला मंजुरीच देऊ नये. क्लबनं अर्ज केला की पैसे येतात, हेही खरं नाही. जागा महापालिकेची असेल तर प्रस्तावही तिच्याकडून जावा लागतो किंवा दीर्घ मुदतीचा करार दाखवावा लागतो. कंपन्यांचा सीएसआर निधी हवा असेल तर संस्था नोंदणीकृत हवी आणि तिनं सीएसआर-1 हा अर्ज भरलेला हवा.

राहता राहिली मुलं. मोठ्या मैदानावरच खेळाडू घडतो, या समजुतीनं दहा वर्षांच्या गोलकीपरला 7.32 मीटर रुंद गोलात उभं करतात. खेळाच्या नियमांतच मुलांसाठी मैदान, चेंडू, गोल आणि वेळ कमी करायची मुभा आहे. एका पूर्ण मैदानात आडवी दोन छोटी मैदानं आखली की एकाच वेळी चार संघ खेळतात आणि प्रत्येक मुलाच्या पायाला चेंडू जास्त लागतो. खर्च फक्कीचा आणि हलवता येणाऱ्या गोलांचा. हे गोल जमिनीला घट्ट बांधलेलेच हवेत. सुटा गोल अंगावर पडून मुलं दगावल्याच्या घटना अनेक देशांत घडल्या आहेत.