त्याचं काय झालं? – सत्ता, जबाबदारी आणि काही चित्रपट



१९७५ साली पश्चिम बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात एक मराठी चित्रपट स्पर्धेसाठी निवडला गेला होता, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? तो चित्रपट म्हणजे ‘सामना’. लेखन विजय तेंडुलकरांचे, दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेलांचे. निळू फुले झाले होते साखर कारखान्याचे सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील आणि डॉ. श्रीराम लागू झाले होते दारूच्या आहारी गेलेले मास्तर. आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी तो पुढे कॅसेटवर पाहिला. हिंदुरावांकडे काय नाही? पैसा आहे, माणसं आहेत, सगळा मुलूख खिशात आहे. मास्तरांकडे काहीच नाही, फक्त एक प्रश्न आहे. गावातून नाहीसा झालेल्या मारुती कांबळेचं पुढे काय झालं? मास्तर तो पुन्हा पुन्हा विचारत राहतात आणि त्या एका प्रश्नाने हिंदुरावांचा सगळा डोलारा हलतो.

मी अनेक वर्षे नर्सचे काम केले. आमच्या कामात हा प्रश्न रोजचाच. ड्यूटीवर आलं आणि एखादी खाट रिकामी दिसली, की पहिलं विचारायचं, इथला पेशंट कुठे गेला? घरी गेला, ऑपरेशनला नेला, की वारला? उत्तर मिळाल्याशिवाय पुढच्या खाटेकडे जायचं नाही. कारण अंथरुणावर पडलेला माणूस सर्वस्वी आपल्या हाती असतो. त्याचं खाणं, पाणी, औषध, सगळं आपल्याकडे. सत्ता म्हणजे फक्त मंत्र्याची खुर्ची नव्हे. दुसऱ्याच्या तोंडात जाणारा चमचा ज्याच्या हातात आहे, त्याच्याकडेही सत्ता असते.

म्हणूनच आज जर्मनीतल्या काही चित्रपटांविषयी लिहिते. “जर्मनांचे सिनेमे आपण कशाला पाहायचे?” असे आपल्यातले काही वडीलधारे म्हणतात. त्यांचं दुःख मला कळतं. पण हातात सत्ता आली की साधी, शिकलेली माणसं काय करतात, याचा हिशेब तिथल्या काही दिग्दर्शकांनी आपल्याच घरात बसून मांडला आहे. तो पाहण्यासारखा आहे.

पहिला चित्रपट ‘नेबेल इम ऑगस्ट’, म्हणजे ऑगस्टमधले धुके. २०१६ साली आला, दिग्दर्शक काय वेसेल. (मुलांनो, हा एकट्याने पाहू नका, आईवडिलांबरोबर पाहा.) ही गोष्ट एर्न्स्ट लोसा नावाच्या खऱ्या मुलाची आहे. तो येनिश नावाच्या भटक्या समाजातला. या समाजाचे लोक गावोगाव फिरून किरकोळ माल विकत. आई लहानपणीच वारली, वडील छळछावणीत मेले. पोरगा खोडकर, चोऱ्या करणारा, म्हणून एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत पाठवत पाठवत शेवटी त्याला बव्हेरियातल्या काउफबॉयरेनच्या मनोरुग्णालयात टाकलं. मुलगा अगदी धडधाकट होता.

तिथे त्याला काय दिसलं? जे रुग्ण काम करू शकत नाहीत त्यांना मुद्दाम निःसत्त्व जेवण दिलं जात होतं. भाजी इतकी उकळायची की तिच्यात काही राहू नये, तुपातेलाचा थेंब नाही. पोट भरल्यासारखं वाटायचं आणि माणूस हळूहळू झिजून मरायचा. चित्रपटात एक नर्स रासबेरीच्या सरबतातून मुलांना झोपेचं औषध पाजते. ती ओरडत नाही, मारत नाही, गोड बोलते. ते पाहताना माझ्या अंगावर काटा आला. एर्न्स्ट कोठारातून खाणं चोरायचा आणि भुकेलेल्यांना वाटायचा. हे चित्रपटासाठी रचलेलं नाही, खरोखर घडलेलं आहे. ९ ऑगस्ट १९४४ च्या रात्री इर्से इथल्या शाखेत त्याला इंजेक्शन देऊन मारलं. तो १४ वर्षांचा होता.

तिथला मुख्य डॉक्टर होता वालेन्टिन फाल्टलहाउजर. १९४९ साली त्याला अवघी तीन वर्षांची शिक्षा झाली. तब्येतीच्या कारणाने ती पुढे पुढे ढकलली गेली आणि १९५४ मध्ये त्याला माफीच मिळाली. चित्रपटात त्याचं नाव बदललं आहे. ही भूमिका सेबास्टियन कॉखने केली आहे. त्याने डॉक्टर राक्षसासारखा रंगवलेला नाही. मुलांशी हसून बोलणारा, स्वतःला दयाळू समजणारा माणूस दाखवला आहे. मला तेच जास्त खरं वाटलं.

हे एका इस्पितळापुरतं नव्हतं. जानेवारी १९४० ते ऑगस्ट १९४१ या काळात जर्मनीत आणि ऑस्ट्रियात ७०,००० वर रुग्णांना विषारी वायूने मारण्यात आलं. ज्यू रुग्णांना तर आजार कोणता हेसुद्धा न बघता १९४० मध्येच वेगळं काढून नेलं. पुढे याच कामातली सुमारे शंभर माणसं बेलझेच, सोबिबोर आणि ट्रेब्लिंका इथे नेमली गेली. म्हणजे आपल्या लोकांच्या संहाराचे धडे आधी खाटेवरच्या आजाऱ्यांवर गिरवले गेले होते.

यातही सिनेमाचा हात होता. ऑगस्ट १९४१ मध्ये सरकारने ‘इख क्लागे आन’ (मी आरोप करतो) हा चित्रपट आणला. एका डॉक्टरची बायको असाध्य आजाराने त्रासलेली, ती मरण मागते, नवरा तिला विष देतो, मग कोर्ट. बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं असा बेत. हेतू हा, की आजाऱ्यांना मारणं म्हणजे दयाच, हे लोकांच्या मनात उतरावं. लाखो लोकांनी तो पाहिला. पण इस्पितळातल्या ज्या माणसांना नेलं, त्यांनी मरण मागितलं नव्हतं. सिनेमा काढणाऱ्याच्या हातातही सत्ता असते, ती अशीही वापरली जाते. म्हणून डोळ्यांत पाणी आलं तरी डोकं जागं ठेवून सिनेमा पाहावा.

दुसरा चित्रपट ‘दास लेबेन देर आंडेरेन’ (दुसऱ्यांचे आयुष्य), २००६ सालचा. त्याला ऑस्कर मिळाले. यातही सेबास्टियन कॉख आहे, पण इथे तो नाटककार झाला आहे. काळ १९८४ चा, पूर्व बर्लिन. श्टासी या गुप्त पोलीस खात्याचा कॅप्टन वीसलर माळ्यावर बसून त्या नाटककाराच्या घरातलं सगळं बोलणं ऐकतो. ऐकता ऐकता तो बदलतो, खोटे अहवाल लिहून त्या माणसाला वाचवतो. बदल्यात त्याची बढती जाते आणि तळघरात लोकांची पत्रं वाफेवर उघडत बसायची पाळी येते. चित्रपट सुंदर आहे. मात्र बर्लिनमधल्या श्टासीच्या जुन्या तुरुंगात आज स्मारक आहे, त्याच्या तेव्हाच्या संचालकांनी तिथे चित्रीकरणाला परवानगी दिली नाही. त्यांचं म्हणणं, असा अधिकारी प्रत्यक्षात एकही झाला नाही.

वीसलर कल्पनेतला असेल, पण लोथार क्रायसिग नावाचा माणूस खरा होता. तो ब्रांडेनबुर्गला न्यायाधीश होता. ज्या रुग्णांच्या पालकत्वाची जबाबदारी त्याच्या कोर्टाकडे होती, ते एकामागून एक मेल्याचे कागद १९४० मध्ये येऊ लागले. त्याने न्यायमंत्र्याला पत्र लिहून जाब विचारला. हिटलरच्या एका बड्या अधिकाऱ्यावर खुनाची फिर्याद दिली. मंत्री म्हणाले, फ्यूररची इच्छा हाच कायदा, हे मान्य नसेल तर न्यायाधीश राहता येणार नाही. क्रायसिगने मान तुकवली नाही. त्याला सक्तीने निवृत्त केलं, तो शेती करत राहिला. त्याला ना फाशी झाली, ना तुरुंग. मग बाकीचे का गप्प बसले? एप्रिल १९४१ मध्ये बर्लिनला देशातल्या बड्या न्यायाधीशांना आणि सरकारी वकिलांना बोलावून हे सारं सांगितलं गेलं. एकानेही विरोध केला नाही.

त्या गप्प बसलेल्यांना पुढे जाब विचारला तो फ्रिट्झ बाउअर या ज्यू सरकारी वकिलाने. आइखमानचा ठावठिकाणा इस्राएलला कळवणारा आणि १९६३ चा फ्रँकफर्टचा आउशवित्झ खटला उभा करणारा तो हाच. त्याच्यावर २०१४ आणि २०१५ मध्ये चित्रपट आले, ते जरूर पाहा. त्या वकील-न्यायाधीशांवरचा खटला मात्र बाउअर १९६८ मध्ये वारल्यावर १९७० साली बंद करण्यात आला.

क्रायसिगने १९५८ मध्ये प्रायश्चित्त म्हणून सेवा करणारी एक संस्था काढली. १९६१ पासून तिची तरुण जर्मन मुलंमुली इस्राएलला येऊन म्हाताऱ्यांची आणि अपंगांची सेवा करू लागली. आपल्यापैकी काहींनी ती पाहिलीही असतील.

आता आम्हा वृद्धांची पाळी आली आहे. चमचा दुसऱ्याच्या हातात जाऊ लागला आहे. बालमित्रांनो, उद्या तो तुमच्या हातात येईल. कुणी डॉक्टर व्हाल, कुणी अधिकारी, कुणी आईबाप. तेव्हा मोठ्या सत्तेची वाट पाहू नका, आजपासून एक सवय लावून घ्या. वर्गातला एखादा मुलगा चार दिवस दिसला नाही, शेजारच्या आजी दोन शनिवार सिनेगॉगमध्ये आल्या नाहीत, तर कुणाला तरी विचारा, त्यांचं काय झालं? आणि नीट उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.