पाठीवरचे पाणी

लेखक : ऊस विकास अधिकारी



आपल्या अंकात या पानावर मी नेहमी लागण, बेणेप्रक्रिया आणि खताचे हप्ते यांवर लिहितो. या वेळी जरा वेगळा विषय घेतो आहे. पण शेवटी तो फिरून आपल्या सरीतच येणार आहे, तेव्हा पान उलटू नये ही विनंती.

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. बॉयलरचे अग्निप्रदीपन झाले होते. गव्हाणीत मोळी पडायला अजून पंधरा दिवस होते, टोळ्या यायच्या होत्या. एकदा हंगाम सुरू झाला की रजेचे नाव काढता येत नाही. म्हणून पाच दिवसांची रजा टाकली आणि पाठीवर सॅक बांधून अकोले तालुक्यातल्या डोंगरात पायी फेरा मारून आलो. राजूर, रतनवाडी, रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई, हरिश्चंद्रगड आणि परत राजूर. बरोबर एक मित्र येणार होता, त्याच्या घरी ऐनवेळी सोयरिकीची बोलणी निघाली. मग एकटाच निघालो. गटातल्या एका सभासदाने विचारलेसुद्धा, "साहेब, नवस होता का?"

नवस कसला! प्रवरेच्या पाळ्या मोजण्यात माझी वीस-बावीस वर्षे गेली. ते पाणी निघते कुठून, हे एकदा पायाने चालून पाहावे एवढेच मनात होते.

मोळीतली बांधाची माती

निघण्यापूर्वी गट ऑफिसातल्या काट्यावर सॅक ठेवली. काटा सोळा किलोवर गेला. तोडणी करताना वाढे, पाचट, मुळ्या मोळीत जाऊ देऊ नका, फुकटचे वजन वाहू नका, असे मी मजुरांना सांगत असतो. माझ्या स्वतःच्या मोळीत मात्र बांधाची माती फार भरली होती! दोन स्वेटर, मोठी बॅटरी, जाडजूड पुस्तक, जादा बूट. पैकी बरेचसे घरीच काढून ठेवले. आणि तिथेच एक चूक केली. पाण्याच्या चार बाटल्या होत्या, त्यांतल्या दोन काढल्या. म्हटलं, पावसाळा नुकताच सरलाय, डोंगरात ओढे वाहत असणार, पाण्याचे ओझे कशाला? लिटरला एक किलो वजन, दोन किलो वाचले. हा हिशेब पुढे अंगाशी आला.

जिथून प्रवरा निघते

राजूरहून शेंडी आणि तिथून जलाशयाच्या कडेकडेने एसटीने रतनवाडी. शेंडीच्या अलीकडेच भंडारदरा धरण. १९१० साली काम सुरू झाले आणि १९२६ साली पुरे झाले. उंची सुमारे २७० फूट, साठा ११ टीएमसी. हे पाणी खाली ओझरच्या बंधाऱ्यावर अडवून डाव्या-उजव्या कालव्यांत घेतात, आणि त्याच पाण्यावर प्रवरेच्या दोन्ही तीरांवर ऊस उभा राहिला, कारखाने उभे राहिले. प्रवरानगरचा १९५० चा पहिला सहकारी कारखाना याच पाण्याच्या जोरावर निघाला, हे आपणांस नव्याने सांगायला नको.

रतनवाडीत अमृतेश्वराचे जुने दगडी मंदिर आहे. जवळच बांधीव पुष्करणी. पहिला मुक्काम गावातच एका घरी केला. हा सारा भाग १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तेव्हा वनखात्याची पावती फाडून जावे लागते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच रतनगड चढायला घेतला. सुरुवातीची वाट प्रवरेच्या काठाने जाते. प्रवरा म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर केवढे पात्र येते! इथे ती दगडांवर पाय ठेवून चार ढांगांत ओलांडता येते. एकदा नव्हे, अनेकदा ओलांडावी लागते. एका ठिकाणी मी ओंजळीने पाणी प्यालो आणि उगीचच हसू आले. आपल्या पाटकऱ्यांची भांडणे, दारे फोडण्याच्या तक्रारी, सात नंबरचे अर्ज, सगळे या ओंजळीभर पाण्यापासून सुरू होते.

वर लोखंडी शिड्या आहेत, मग गडाचा दरवाजा. माथ्यावर कातळाला आरपार भोक आहे, त्याला नेढे म्हणतात. नेढ्यात बसले की वारा असा येतो की टोपी हातात धरावी लागते. समोर अलंग, मदन, कुलंग आणि कळसूबाई, १,६४६ मीटर, महाराष्ट्राचे सर्वांत उंच शिखर. खाली भंडारद्याचे पाणी. तिथून हलवेना. नको तेवढा वेळ बसलो, ही दुसरी चूक.

वाट चुकली

गड उतरून फाट्यावर आलो तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. इथून एक वाट रतनवाडीला, दुसरी कात्राबाईच्या खिंडीकडे. ऑक्टोबरचे ऊन रणरणत होते. खिंडीच्या चढाला लागलो आणि अर्ध्या-पाऊण तासात वाट कारवीत शिरली. कारवी डोक्याच्या वर. मळलेली दिसली म्हणून एका वाटेने डावीकडे गेलो. ती ढोरवाट निघाली. पुढे तिला आणखी तीन फाटे फुटले, त्यांतला प्रत्येक थोडे अंतर जाऊन गवतात विरला.

बाटल्या पाहिल्या. एक रिकामी, दुसरीत चार घोट. खाली रतनवाडीच्या बाजूला ओढे वाहत होते, पण इकडे वरच्या अंगाला घळी कोरड्या पडल्या होत्या. तीव्र उतार, काळा कातळ, वर मातीचा पातळ थर. पाऊस थांबला की आठ-पंधरा दिवसांत डोंगर निथळून मोकळा होतो. पुस्तकात मी हे वाचले होते, शेतकरी मेळाव्यांत सांगितलेही होते. तोंडाला कोरड पडल्यावर ते खरे समजले. फोनला रेंज नव्हती. चार वाजून गेले होते. कोरड्या घळीतून सरळ खाली उतरावे असा मोह झाला, आणि थोडा उतरलोही. पुढे कातळ तुटला होता. खाली किती खोल आहे ते दिसत नव्हते. पाय लटपटले. खरे सांगतो, त्या क्षणी घर आठवले.

मग एक शहाणपण केले. आलो तसाच उलट्या पावली वर चढलो आणि कारवीच्या कडेला दगडावर बसून राहिलो. अर्ध्या तासाने गुरांच्या गळ्यातली घंटा ऐकू आली. हाक मारली. एक म्हातारेबाबा काठी टेकत आले.

"कुढं निघालात भाऊ?"

"कुमशेतला, बाबा."

"मंग हिकडं काय? ही गुरांची वाट. फुडं कडा हाये."

माझ्या तोंडाकडे पाहून त्यांनी न विचारताच खांद्यावरची प्लास्टिकची बाटली पुढे केली. अर्धीच होती. मी तोंडाला लावली आणि थांबायचे भान राहिले नाही. संपल्यावर लक्षात आले की हे त्यांचे घरी पोचेपर्यंतचे पाणी होते. ते काही बोलले नाहीत. गुरे वळवून पुढे चालू लागले. कात्राबाईची खिंड चढून पलीकडे उतरलो तेव्हा अंधार पडला होता.

कुमशेतची रात्र

बाबांच्याच घरी मुक्काम झाला. हळवी भाते काढणीला आली होती, अंगणात पेंढ्यांचा वास दरवळत होता. मावशींनी पाय धुवायला तांब्या दिला. मी आपल्या सवयीने तो भडाभड ओतला आणि दुसरा मागितला. दुसराही दिला. तेवढ्यात सून डोक्यावर हंडा घेऊन दारात आली आणि मी ओशाळलो.

नागलीची भाकरी, वरणभात आणि मिरचीचा ठेचा. जेवताना विचारले, उन्हाळ्यात पाण्याचे कसे?

मावशी म्हणाल्या, "फागुन सरला की हीर आटती. मंग झिऱ्यावर जायाचं. वाटीवाटीनं हंडा भरायचा. रातीचा पन नंबर लावावा लागतो."

मी सांगायला लागलो की तुमच्या या डोंगरात पाऊस केवढा! घाटघर-रतनवाडीला चांगल्या वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, आमच्याकडे साडेचारशे-पाचशेसुद्धा मुश्किलीने. बाबा ऐकत होते. मग म्हणाले, "पडतो बक्कळ. ऱ्हात न्हाई. समदा तुमच्याकडं येतो."

त्यात तक्रार नव्हती. उतारावर पाणी थांबत नाही आणि खाली धरण आहे म्हणून आपल्याला बारमाही मिळते, एवढीच ती गोष्ट. थोड्या वेळाने त्यांनीच विचारले, "उसाला पानी किती लागतं वं?"

मी म्हटले, एका पाळीला एकरी तीन इंच.

"इंच आमाला कळत न्हाई. हंड्यात सांगा."

बंधूंनो, आजवर कुणी मला हे गणित घातले नव्हते. एकरभर जमिनीवर तीन इंच पाणी म्हणजे सुमारे तीन लाख लिटर. पंधरा लिटरचा हंडा धरला तर वीस हजार हंडे. त्या घरात सहा माणसे आणि उन्हाळ्यात दिवसाला सहा हंडे. म्हणजे आपल्या एका एकराच्या एका पाळीत त्या घराची नऊ वर्षे निघतात. मी चुलीच्या उजेडात बोटांवर मोजले, दोनदा मोजले, आणि हळूच म्हणालो, "वीस हजार."

घरात कुणी काही बोलेना. मग बाबा म्हणाले, "मंग ग्वाड व्हनारच की ऊस!" आणि सगळे हसले. मीही हसलो, पण झोप काही लवकर आली नाही.

गड आणि कडा

पुढचा प्रवास सुखाचा झाला. बाबांच्या नातवाने मुळेच्या पात्रापर्यंत सोबत केली. मुळा ओलांडून पाचनईत मुक्काम केला, चौथ्या दिवशी हरिश्चंद्रगड. पाचनईची वाट त्यातल्या त्यात सोपी. वर हरिश्चंद्रेश्वराचे कातळातून उभे केल्यासारखे मंदिर आणि केदारेश्वराची गुहा. गुहेत मोठे शिवलिंग, भोवती कमरेएवढे बर्फासारखे गार पाणी. चार खांबांपैकी एकच शाबूत आहे.

तिथून कोकणकड्यावर गेलो. कडा आत वळलेला, वाटीसारखा. काठावर पालथे पडूनच खाली पाहावे. इथे पडलेला थेंब पश्चिमेला ओघळला तर कोकणातून अरबी समुद्राला जातो. काही पावले अलीकडे पडला तर मुळेला मिळतो, मुळेतून प्रवरेला, नेवाशाजवळ गोदावरीला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला. आपल्या वाट्याचे पाणी ठरते ते या थोड्या पावलांच्या फरकाने.

पाचव्या दिवशी आंबित, शिरपुंजे करत निघालो. निम्मे अंतर चाललो, पुढे एसटी मिळाली. राजूरला फेरा पुरा झाला. या वेळी चारही बाटल्या भरलेल्या होत्या. दोन कुमशेतच्या बाबांनी दिल्या होत्या, जुन्या, पण स्वच्छ धुतलेल्या.

आता सरीत येऊ

एक कबुली दिली पाहिजे. मी गावोगाव ठिबकवर भाषणे देतो, निम्म्याच्या आसपास पाणी वाचते म्हणून सांगतो. पण माझा स्वतःचा दीड एकर ऊस आहे, भाऊ पाहतो, आणि त्याला आजवर पाटानेच पाणी गेले. काही सभासदांनी मेळाव्यात हे तोंडावर सुनावलेही होते. आवर्तन कधी येईल याचा भरवसा नसतो, म्हणून पाणी आले की माणूस सरी तुडुंब भरून घेतो, हे मला ठाऊक आहे. त्यात सगळा दोष शेतकऱ्याचा नाही. पण जे आपल्या हातात आहे ते तरी करावे.

डिसेंबरात ऊस तुटला. या वेळी पाचट पेटवले नाही. बुडखे जमिनीलगत छाटले, पाचट सरीत दाबले, त्यावर एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकले. आच्छादनाने ओल टिकते, दोन पाळ्यांतले अंतर वाढवता येते. ठिबक येईपर्यंत एकआड एक सरी पाणी देतो आहे. ठिबकचा अर्जही दिला. भाऊ आधी कुरकुरला, मग त्याला हंड्यांचे गणित सांगितले. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी खुशाल येऊन पाहावे, नावे ठेवायची असतील तर बांधावर उभे राहून ठेवावीत.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द

सभासदांची मुले हल्ली गड-डोंगर फिरतात, चांगली गोष्ट आहे. पण एकटे जाऊ नये. मी गेलो आणि बाबा भेटले नसते तर हा लेख लिहायला उरलो नसतो. कुठून कुठे जाणार हे घरी कागदावर लिहून ठेवावे. कात्राबाईच्या वाटेला गावातला वाटाड्या घ्यावा, त्याचे पैसे आनंदाने द्यावेत. वाट चुकली तर घळीतून खाली उतरू नये, मागे फिरावे. भर पावसात शिड्या आणि कड्यांच्या वाटेला जाऊ नये. प्लास्टिक परत आणावे.

आणि सॅकमधून काय वाटेल ते कमी करा, पाणी करू नका. एकेक लिटर पाठीवर वाहिला की त्याचे वजन कळते. आपल्याकडे ते पाटातून आपोआप येते, म्हणून कळत नाही, एवढेच.

असो. हंगाम जोरात आहे. ऊस स्वच्छ तोडून पाठवा, पाचट मात्र शेतातच ठेवा.