अडलेली वाळू

समुद्राने किनारा गिळला, असे आपण सहज म्हणतो आणि त्याला थोपवायला दगड टाकतो. पुदुच्चेरीत जे घडले ते पाहिले, तर हा आरोप टिकत नाही. भारताच्या पूर्व किनाऱ्यावर वर्षाचा बराच काळ लाटा तिरक्या येतात आणि वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकवत नेतात. पुळण जागच्या जागी दिसते, पण तिची वाळू सतत चालत असते. गेलेल्या वाळूची जागा मागून येणारी वाळू घेते. 1980च्या दशकाच्या अखेरीस पुदुच्चेरीत बंदर झाले, त्याचे बांध समुद्रात शिरले आणि ही वाट अडली. बांधांच्या दक्षिणेला वाळू साचत गेली. उत्तरेला, शहरासमोरची पुळण नाहीशी झाली. हा समुद्राची पातळी वाढल्याचा परिणाम, असे कुणी म्हणेल. पातळी वाढते आहे, यात शंका नाही. पण ती बंदराच्या दोन्ही अंगांना सारखीच वाढते; मग एकीकडे भर आणि दुसरीकडे धूप का?

रस्ता वाचवण्यासाठी शहरासमोर दगडांची रास घातली गेली. रस्ता वाचला, पुळण परतली नाही आणि धूप उत्तरेच्या मच्छीमार गावांकडे सरकली. भिंतीवर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू ओढून नेते. आपल्या कोकणातल्या धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे. ज्यांच्या अंगणात उधाणाचे पाणी शिरते त्यांना बंधारा हवाच, आणि ती मागणी रास्त आहे. मात्र बंधारा घर राखतो, पुळण नव्हे. होड्या ओढायला, जाळी वाळवायला जागा लागते ती पुळणीवरच. पुळण राखायची तर अडलेली वाळू बांधांपलीकडे पोचवावी लागते. ते खर्चिक आहे, हा आक्षेपही खरा. तरी ऑस्ट्रेलियात ट्वीड नदीच्या मुखाशी 2001पासून पंपांनी वाळू पलीकडे नेतात, कारण तिथेही बांधांनी तिची वाट अडवली होती. पुदुच्चेरीत राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने शहरासमोर पाण्याखाली कृत्रिम खडक उभारला, बंदरातून उपसलेली वाळूही किनाऱ्यावर टाकली गेली, आणि कित्येक वर्षांनी तिथे पुन्हा पुळण दिसू लागली. तुमच्या गावात बंधाऱ्याचा नारळ फुटण्याआधी ग्रामसभेत एवढे जरूर विचारा: आपली वाळू कुठून येत होती आणि ती कुठे अडली?